चिंगीच्या पायाचं माप

जोडेबाईचं वय एकशे आठ, आणि दिसायची एक्कावन्नची. यात कौतुक करावं असं काही नाही बरं का, कारण तिच्या गल्लीतले जवळजवळ सगळेच लोक तसेच होते. वर्षातून एकदा दवाखान्यात जायचं, दंड पुढे करायचा, एक सुई टोचून घ्यायची, की शरीर असेल त्या वयाला जागच्या जागी थांबायचं. पुढच्या वर्षी पुन्हा सुई. एखाद्या वर्षी चुकवली, तर शरीर जिथं थांबलं होतं तिथून निमूटपणे पुढे चालू लागायचं. पहिल्यांदा लोकांनी वाजतगाजत सुया घेतल्या, पेपरांत रकानेच्या रकाने भरून आले, आणि पाचसात वर्षांत सगळं अंगवळणी पडलं. माणूस कशालाही सरावतो, न मरण्यालासुद्धा.

आता नवल करायचंच असेल तर याचं करा, की जोडेबाईची लेक चिंगी एक्याऐंशी वर्षांची होती, आणि दिसायचीही एक्याऐंशीचीच.

चिंगीनं सुई कधी घेतलीच नाही. चाळिशीत म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. पन्नाशीत म्हणाली, म्हातारी झाल्यावर मी कशी दिसते ते एकदा बघायचंय. साठीत तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मिळून ठरवलं की नकोच, आणि विषय संपवला. नवरा सहा वर्षांमागे गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून मायलेकी पुन्हा एका घरात राहत होत्या, खाली जोडे शिवायचं दुकान आणि वर दोन खोल्या. दवाखान्यात दोघी गेल्या की नर्स हमखास चिंगीला खुर्ची द्यायची आणि बाईला विचारायची, "तुमच्या आईंना काय होतंय?" चिंगी कवळी दाखवत हसायची. "अहो, आई ती आहे. मी लेक. जरा लवकर पिकले, एवढंच." हा विनोद बाईनं पन्नास वेळा ऐकला असेल. एकदाही तिला हसू आलं नाही.

त्या वेळी दोघी दवाखान्यात गेल्या त्या चिंगीच्या छातीसाठी. डॉक्टरनं तपासलं, कागद पुढेमागे केले, आणि सांगितलं की हृदय थकलंय, चार महिने, फार तर सहा. मग बाईकडे वळून म्हणाला, "सुई घेतली तर आहे तिथं थांबेल. बरं होणार नाही, पण वाढणारही नाही. पंधरा दिवसांनी, गुरुवारी जागा आहे. लिहू का नाव?"

"लिहा," बाई म्हणाली.

चिंगी खुर्चीवरून उठली. घरी येऊन जिना चढताना तीनदा थांबली, वर आल्यावर पाणी प्यायली, आणि मग म्हणाली, "आई, तू परस्पर नाव काय लिहायला सांगतेस गं? मी काय शाळेत जाणारी पोर आहे?"

"चार महिने म्हणाला तो. ऐकलंस ना?"

"ऐकलं. कान शाबूत आहेत अजून."

"मग?"

चिंगी खुर्चीत बसली. तिनं तीस वर्षं शहराची बस चालवली होती आणि तिची सगळी अक्कल त्या बसमधून आलेली होती. "हे बघ, शेवटचा थांबा आला की लोक उतरतात. रडत नाहीत, भांडत नाहीत. एखादा मात्र बसूनच राहायचा. मला वाटायचं, याला आवडली वाटतं माझी बस. जाऊन बघावं तर झोपलेला असायचा. तू मला थांबवणार कुठं? धाप लागते तिथं. गुडघा कुरकुरतो तिथं. तू थांबलीस तेव्हा बरी होतीस गं. मला याच जिन्यावर कायमचं उभं करणार?"

"मोठी आली बसवाली! आणि मी? तू उतरून जाशील, मी कुठं जाऊ?" बाईचा आवाज चिरकला. "तुझा बाप गेला आणि आठ महिन्यांनी ही मेली सुई आली. आठ महिने, चिंगे! कशासाठी घेतली मी? तू चोवीस वर्षांची होतीस. बाप गेला, निदान आई तरी कायमची राहू दे हिला, म्हणून घेतली. आणि आता तूच चाललीस? मला हे घर खायला उठेल. मी एकटी नाही राहू शकत. सांगून ठेवते, नाही राहू शकत."

असं तिनं आजवर कधी तोंडानं म्हटलं नव्हतं. चिंगी तिच्याकडे बघत राहिली. सत्तावन्न वर्षांपूर्वीचाच तो चेहरा होता, एक सुरकुती इकडची तिकडे झाली नव्हती, आणि तो लहान मुलासारखा रडायच्या बेतात आला होता.

"बरं बाई," चिंगी शेवटी म्हणाली. "घेते सुई. झालं समाधान? आता चहा टाक."

बाईला आभाळ ठेंगणं झालं. त्याच दिवशी खाली दुकानात येऊन तिनं ठरवलं, की गुरुवारी चिंगी कापडी बूट घालून जायची नाही. नवे जोडे घालून जाईल. आईच्या हातचे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. समोर काच, काचेपाशी कामाचा पाट आणि त्यावर कातडं कापायची रापी, टोचायच्या आऱ्या, तासायच्या कानशी, दोऱ्याची रिळं. मागच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर लाकडाचे पाय. ज्याचे जोडे करायचे त्याच्या पायाबरहुकूम लाकूड तासून केलेला साचा. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक जोडी, आणि टाचेवर त्याचं नाव. माणसाचा पाय काही आहे तसा राहत नाही. हाड वाढतं, चवडा पसरतो, एखादं बोट शेजारच्यावर चढून बसतं. मग दर खेपेला माप घ्यायचं, आणि जिथं पाय वाढला असेल तिथं साच्यावर कातड्याचं पातळ ठिगळ सरसानं चिकटवायचं. जुन्या गिऱ्हाइकांचे साचे असे ठिगळांनी भरलेले असायचे. सासरे एखादा साचा हातात घेऊन सांगायचे, हा माणूस अमुक साली आजारी पडला, तमुक साली अंगानं भरला.

आणि गिऱ्हाईक वारलं की त्याचा साचा कोपऱ्यातल्या लोखंडी शेगडीत घालायचा. त्या आगीवर सरसाचं भांडं ठेवायचं आणि त्या सरसानं पुढचं काम चिकटवायचं. ही या दुकानाची रीत. सासऱ्यांच्या बापापासूनची. बाईनं नवऱ्याचे साचे असेच जाळले होते, आणि त्या सरसानं एका पोस्टमनचे बूट पुरे केले होते. हुंदके देत केले, पण केले.

त्यानंतर शेगडी फारशी पेटलीच नाही. पेटणार कशी? गिऱ्हाइकं मरेनात. सरस विजेच्या शेगडीवर गरम होऊ लागला. आणि दुसरीही एक गोष्ट झाली, ती इतकी हळूहळू की बाईच्या लक्षातही आली नाही. तिनं माप घेणं सोडलं. सुई घेतलेल्यांचे पाय तसूभरही बदलत नाहीत, मग मापाचं काय काम? गिऱ्हाईक दारातूनच सांगायचं, मागच्यासारखेच करा. ती साचा काढायची, कातडं चढवायची, शिवायची. गिऱ्हाइकाचा पाय हातात घेऊन तिला अकरा वर्षं झाली होती.

चिंगीचा साचा वरून तिसऱ्या फळीवर होता. बाईनं तो काढला, धूळ पुसली. उजवा पाय डाव्यापेक्षा अंमळ रुंद, जन्मभर ब्रेक दाबून झालेला. दोन ठिगळं, एक बाळपणातल्या मोडलेल्या बोटापाशी, एक चवड्याला. चिंगी कामावरून निवृत्त झाली तेव्हा या साच्यावर शेवटचे जोडे झाले होते. त्यानंतर ती बाजारातले मऊ कापडी बूट घालायला लागली. बाईनं दोनतीनदा विचारलं, मग नाद सोडला.

तिनं सर्वात चांगलं कातडं काढलं, तपकिरी, घट्ट, आरशासारखं गुळगुळीत. साच्यावर ओलं करून ताणलं, खिळे मारले, आणि गाणं गुणगुणत कामाला लागली.

असं सगळं चाललेलं असताना मास्तर आले. मास्तर कधी काळी मुलांना तत्त्वज्ञान शिकवायचे. मुलंच कमी झाली, शाळा बंद पडली, मास्तर राहिले. साठीच्या शरीरात एकशे सतरा वर्षांचा माणूस. दर दोन वर्षांनी तेच काळे बूट, आणि एक पुस्तक लिहायचंय असं गेली पन्नास वर्षं सांगत होते. सुरुवात झाली का असं कुणी विचारलं की म्हणायचे, घाई काय आहे?

"कुणाचे हो एवढे देखणे?" त्यांनी स्टुलावर बसत विचारलं.

"चिंगीचे. गुरुवारी सुई घेतेय ती." बाईच्या तोंडावरून आनंद नुसता ओसंडत होता.

"अरे वा. पटलं म्हणायचं तिला?" मास्तरांनी चष्मा पुसला. त्यांना असा विषय मिळाला की मग काय, ऐकायची सोय नाही. "तसं पाहिलं तर बाई, मरणाला भिण्यात अर्थ नाही. आपण असतो तेव्हा ते नसतं. ते येतं तेव्हा आपण नसतो. मग दुःख कुणाला?"

"मला!" बाईनं रापी आपटली. "जाणारा नसतो हो मास्तर, कबूल. पण मी असते ना! तुमच्या त्या विचारात मागे राहिलेल्या माणसाला जागाच नाही. कुणी केलाय हा विचार? एकटा राहणारा असणार मेला."

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळू म्हणाले, "मीही एकटाच राहतो."

"मग तुम्ही का घेता दरवर्षी?"

"खरं सांगू? सवय." ते उठले. "मला वाटायचं, भरपूर वेळ मिळाला की सगळं करू. आता वेळ इतका आहे की कशाला हातच लावावासा वाटत नाही. जोडे छान झालेत हो." आणि ते गेले. बाई पुन्हा गुणगुणायला लागली. तिनं त्यांचं बोलणं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

गुरुवार उजाडला. ऊन चांगलं पडलं होतं. दवाखाना पंधरा मिनिटांवर, आणि चिंगी म्हणाली, गाडीबिडी नको, चालत जाऊ. बाईनं गुडघे टेकून तिला जोडे घातले. जरा जोर लावावा लागला. "नवे आहेत, सैल होतील," बाई म्हणाली. चिंगी उभी राहिली, दोन पावलं टाकून बघितली, आणि म्हणाली, "झकास आहेत गं."

दोघी निघाल्या. रस्त्यात बाईची बडबड चालू. सुई घेतल्यावर खालच्या खोलीत तुझी खाट टाकू, म्हणजे जिना नको. खिडकी मोठी करून घेऊ. पुढच्या उन्हाळ्यात तळ्यावर जाऊ, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात समुद्रावर. चिंगी हं हं करत होती. तिचं पाऊल आखूड होत चाललं होतं, पण बाई आपल्याच नादात. पेढीच्या कोपऱ्यावर चिंगीनं भिंतीला हात लावला. बागेच्या फाटकापाशी पुन्हा. मग बागेतल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "एक मिनिट हं."

"धाप लागली?"

"नाही, तशी नाही."

बाईनं खाली बघितलं. चिंगीच्या उजव्या मोज्यावर, जोड्याच्या काठाशी, लाल डाग पसरत होता.

बाई खाली बसली. मातीतच. तिनं बंद सोडले, जोडा काढायला गेली तर तो निघेना. चिंगीनं ओठ दाबले. शेवटी जोडा निघाला, मोजा निघाला, आणि बाईच्या हातात लेकीचा पाय आला.

तो पाय तिच्या ओळखीचा नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा एवढा मोठा गोळा आलेला, त्यावरची कातडी सोलून निघालेली. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. घोटा सुजून गेलेला, त्यात तिचं बोट रुतलं आणि खड्डा तसाच राहिला. तळव्याची कातडी जुन्या कागदासारखी पातळ. हा काय एका दिवसात झालेला पाय होता? वर्षानुवर्षं हे वाढत होतं, एकाच घरात, एकाच जिन्यावर, आणि तिनं एकदाही वाकून बघितलं नव्हतं.

"माप घेतलंच नाही मी," ती म्हणाली. "चिंगे, मी माप घेतलंच नाही गं. जुन्याच साच्यावर..."  शहाण्णव वर्षं या कामात. बारा वर्षांची असल्यापासून. नवशिकं पोरसुद्धा माप घेतल्याशिवाय कातड्याला हात लावत नाही.

"असू दे गं. होतं असं."

"दुखत होतं तर बोलली का नाहीस?"

"तू इतक्या हौसेनं केलेस." चिंगीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रस्त्यानं जाणारा एकजण थबकला. त्याला वाटलं असेल, म्हातारी आई आणि तिची लेक. "तू इतकी खूष होतीस पंधरा दिवस. मी म्हटलं, दवाखान्यापर्यंत तर काढू."

"आणि सुई? तीही माझ्या हौसेसाठीच?"

चिंगीनं तिचा खांदा थोपटला. उत्तराची गरज नव्हती. बाई तो पाय मांडीवर घेऊन बसली. तिला सगळं लख्ख दिसलं. अर्ध्या तासानं दंडात सुई गेली, की हा गोळा असाच राहणार. ही सूज, ही धाप, हा जिना. पुढच्या वर्षी, दहा वर्षांनी, शंभर वर्षांनी. आणि ही पोर ते सगळं सोसणार, तोंडातून शब्द न काढता, झकास आहे गं म्हणत. कशासाठी? तर आईला एकटं वाटू नये म्हणून. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"चल," ती उठली. "घरी."

"अगं पण दवाखाना? ते नाव लिहून बसलेत."

"बसू देत. घरी चल म्हणते ना."

गाडी करून दोघी घरी आल्या. बाईनं दुकान आतून लावून घेतलं. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, चिंगीचे पाय धुतले, जखमेवर मलम लावून पट्टी बांधली. मग जमिनीवर कागद पसरला, त्यावर चिंगीचा पाय ठेवला, आणि पेन्सिल उभी धरून कडेकडेनं फिरवायला सुरुवात केली. पेन्सिल तळव्याच्या खोलगट भागापाशी आली तशी चिंगी खिदळली.

"गुदगुल्या होतात गं!"

चार वर्षांची असताना पहिलं माप घेतलं होतं, तेव्हा नेमकी इथंच हसली होती. तेव्हाही पाय मागे ओढला होता आणि कागद फाटला होता. "हलू नको गधडे," बाई म्हणाली, तेव्हाही म्हणाली होती तसंच. तिच्या डोळ्यांतून पाणी गळून कागदावर पडत होतं आणि ती हसतही होती.

चवडा, कमान, घोटा, टाच, प्रत्येक बोट. तिनं पट्टी लावून सगळं दोनदोनदा मोजलं. इतका वेळ घेऊन तिनं आयुष्यात कुणाचं माप घेतलं नसेल. चिंगी डोळे मिटून खुर्चीला टेकून बसली होती.

"मग? कशी आहे मी?"

"पार बदललीस. माझ्या साच्यातली राहिली नाहीस."

"सांगत तर होते," चिंगी म्हणाली.

त्या साच्यावर एकूण नऊ ठिगळं चढली. जोडे या खेपेला मऊ कातड्याचे झाले, पुढून ऐसपैस, आत लोकर. चिंगीनं ते घातले, खोलीभर फिरली, आणि काहीच म्हणाली नाही. नुसती पुन्हा एक फेरी मारली. तेव्हा बाईला कळलं, की हे खरंच झकास आहेत.

चार महिने आणि अकरा दिवस चिंगीनं ते घातले. रोज सकाळी खाली येऊन स्टुलावर बसायची, दोरा ओवून द्यायची, येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायची. एकमेकींना सांगायच्या राहिलेल्या गोष्टी दोघींनी सांगून टाकल्या, काही तर दोनदोनदा. समुद्रावर त्या त्याच उन्हाळ्यात जाऊन आल्या. एका दुपारी बाई कातडं कापत मास्तरांच्या न लिहिलेल्या पुस्तकाबद्दल काहीतरी बोलत होती. बोलणं संपलं तरी चिंगी हसली नाही. बाईनं मान वर केली. चिंगी भिंतीला टेकून बसली होती, पाय पुढे पसरलेले, जोड्यांचे बंद नीट बांधलेले.

पुढचं काय सांगायचं? घर खरंच खायला उठलं. तिनं सांगितलंच होतं, तसंच झालं. सकाळी दोन कप काढले जायचे आणि एक परत ठेवावा लागायचा. जिन्यावर कुणी थांबायचं नाही. गल्लीतली माणसं भेटायला आली, पण त्यांना बोलता येईना. कुणी मेल्यावर काय बोलतात तेच लोक विसरून गेले होते. एकजण चक्क म्हणाली, "वेळेवर सुई घेतली असती तर." बाईनं तिला दार दाखवलं.

चिंगीचा साचा शेगडीत घालायला हवा होता. रीत होती. बाईनं तो तीनदा फळीवरून काढला आणि तीनदा परत ठेवला.

मग मास्तर आले, बुटांसाठी. "मागच्यासारखेच," दारातून म्हणाले.

"बसा. बूट काढा. पाय द्या."

"अहो, कशाला? तसाच आहे तो."

"इथं माप घेतल्याशिवाय जोडे होत नाहीत," बाई म्हणाली.

मास्तरांनी संकोचत मोजा काढला. बाईनं त्यांचा पाय हातात घेतला तशी त्यांची मान खाली गेली आणि खांदे थरथरायला लागले.  बाई पेन्सिल सावकाश फिरवत राहिली. किती वर्षांत त्यांना कुणी हात लावला नव्हता, कोण जाणे.

"केसाचाही फरक नाही," तिनं शेवटी सांगितलं.

"चांगलंच की," मास्तर म्हणाले, पण त्यात चांगलं काही ऐकू आलं नाही. मोजा चढवताना त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं? आपण चुकलो का? एवढं जगून?"

"छे! चूक कसली? पंचवीसतीस वर्षं मला माझी लेक जास्तीची मिळाली. ती मी कुणाला परत देणार नाही. मी चुकले ती माप न घेण्यात." कागदाची घडी करत ती म्हणाली, "पण मास्तर, मला आता असं वाटतं, की जो बदलत नाही त्याचं माप कुणी घेत नाही. त्याला कुणाची गरजच पडत नाही ना."

तिची सुईची तारीख आली. त्या दिवशी तिनं दुकान उघडलं, रापीला धार लावली, दोन जोडे पुरे केले. दुपारी दवाखान्यातून फोन आला. "आज तुमची तारीख होती. विसरलात का?"

"नाही, विसरले नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मरायची तिला काही घाई नव्हती. फोन ठेवून ती राहिलेल्या कामाला लागली.

वर्ष गेलं. केसांत एक पांढरी बट आली. सकाळी उठताना कंबर जरा बोलू लागली. मग एक दिवस तिनं स्वतःचा साचा काढला. नवऱ्यानं केलेला, जवळजवळ साठ वर्षांचा, त्यावर एकही ठिगळ नाही. आपलं माप आपल्याला घेता येत नाही. वाकलं की वजन पुढे येतं, पाय पसरतो आणि माप चुकतं. दुसरं माणूस लागतंच. तिचं माप आधी नवरा घ्यायचा. चिंगीनंही आनंदानं घेतलं असतं, पण तिला कधी सांगितलंच नाही. तिनं मास्तरांना बोलावलं.

मास्तर कागदापुढे गुडघे टेकून बसले.  पेन्सिल तळव्याच्या खोलगट भागापाशी आली तेव्हा बाईला गुदगुल्या झाल्या आणि तिनं पाय मागे ओढला. "हलू नका हो," मास्तर म्हणाले. तिनं कागद उचलला, साच्याशेजारी धरला, पट्टी लावली. चवड्यापाशी दोऱ्याएवढा फरक होता. तिनं पुन्हा मोजलं. दोऱ्याएवढाच, पण होता.

मास्तर गेल्यावर तिनं चिंगीचा साचा फळीवरून काढला. नऊच्या नऊ ठिगळांवरून एकेकदा बोट फिरवलं. मग कोपऱ्यातली लोखंडी शेगडी झाडली, साचा आत ठेवला आणि पेटवला. जुनं वाळकं लाकूड, लगेच धरलं. ती समोर बसून मोठ्यानं रडली, ऐकायला कुणी नव्हतं. मग सरसाचं भांडं शेगडीवर ठेवलं. सरस पातळ होईपर्यंत तिनं कातड्याचा एक पातळ तुकडा कापला, कडा तासल्या, आणि तो गरम सरस लावून स्वतःच्या साच्याच्या चवड्यावर बसवला. वाळेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरून बसली.